उशिरा सोडलेल्यांच्या वाट्याचं ऊन

सातारा जिल्ह्यात ट्रायथलॉन भरवणाऱ्या सर्व संयोजकांना खुलं पत्र

सन्माननीय संयोजक मंडळी,

सस्नेह नमस्कार.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी मी स्प्रिंट ट्रायथलॉन, म्हणजे ट्रायथलॉनचा कमी अंतराचा प्रकार, पूर्ण केली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. माझं वय ४७, नोकरी प्राथमिक शाळेत शिक्षिकेची, पोहायला शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी. मेडल घरी खुंटीला अडकवलंय. त्याच्याकडं नजर गेली की आनंदाच्या आधी मला एका मुलाचे डोळे आठवतात. त्या मुलाबद्दल पुढं लिहितेच. स्पर्धेचं आणि जलाशयाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी ती भरवली ती माणसं कष्टाळू आहेत, पदरचे पैसे घालून त्यांनी हे उभं केलं, आणि त्या दिवशी जे झालं ते कुठल्याही स्पर्धेत होऊ शकतं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

मागणी एकच आहे, बाकीचं सगळं तिच्यामागून येतं. ज्यांना रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे, त्यांना सगळ्यात आधी सोडा.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. साडेसहाला पहिली बॅच पाण्यात उतरेल असं पत्रकात होतं. पहिली बॅच खुल्या गटातल्या मुलांची, मग मुलींची, मग पंचेचाळिशीच्या आतले बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी साडेसातला आम्ही, म्हणजे पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे आणि पहिल्यांदाच ट्रायथलॉनला उतरणारे. मी पहाटे चारला उठले, अर्धी भाकरी आणि केळं खाल्लं, साडेपाचला सायकल रॅकला लावली. हेल्मेट हँडलवर उलटं, त्यात गॉगल, मोजे गुंडाळून बुटांत. पाण्यावरून गार वारा येत होता, अंगावर शिरशिरी येत होती. सोबतच्या एका काकांनी तर जर्किन घातलं होतं. त्या वेळी आम्हाला सोडलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

उद्घाटनाचे पाहुणे पावणेआठला आले. मग दीपप्रज्वलन, सत्कार, दोन भाषणं. पहिली बॅच आठला सुटली. आमचा नंबर आला तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. तोवर आम्ही साठ-सत्तर जण गाळाच्या काठावर उभे. एप्रिलमध्ये धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं. झाडं राहतात मूळ काठावर, आणि पाणी तिथून दोन-अडीचशे पावलं आत. सावली म्हणून काही नाही. डोक्याला घट्ट रबरी टोपी, अंगाला चिकटलेला काळा ट्रायसूट, आणि प्यायचं पाणी वर मंडपापाशी. बॅच चुकेल या धास्तीनं कुणी जागा सोडेना.

आम्ही पाण्यात पाय घातला आणि लाउडस्पीकरवर पुकारा झाला, खुल्या गटातला पहिला स्पर्धक फिनिश लाइनवर आलेला आहे! टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून. एक तास पाच मिनिटांत तीनही टप्पे करणं ही लहान गोष्ट नाही. पण पाण्यात पुढं जाता जाता डोक्यात हिशेब सुरू झाला. त्या पोराचं सगळं आटोपलं, आता तो सावलीत बसणार. आमचं आत्ता सुरू होतंय, आणि आम्हाला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागणार. म्हणजे ज्याच्यात उन्हाशी झुंजायची सगळ्यात जास्त ताकद, त्याच्या वाट्याला सकाळ. आणि ज्यांच्यात कमी, त्यांच्या वाट्याला अकरा वाजताचं ऊन. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. चांगले खेळाडू आधी, हौशी नंतर, ही रीतच पडून गेली आहे. रीत म्हणूनच ती कुणाला खटकत नाही.

पाण्यात गार वाटतं, त्यामुळं पोहताना ऊन लागत नाही अशी आपली समजूत असते. धरणाचा वरचा थर एप्रिलमध्ये कोमट असतो, हात मारताना अंगातून निघणारी उष्णता तो पुरेशी ओढून घेत नाही, आणि पोहताना आलेला घाम वाळायचा प्रश्नच नाही. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथं १० किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा नावाजलेला जलतरणपटू कोमट पाण्यात पोहताना गेला. त्यानंतर जलतरणाच्या जागतिक संघटनेनं खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची वरची मर्यादा घातली. आपल्याकडं पाण्याचं तापमान मोजून फलकावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तरी पुरे.

पोहून बाहेर आले ती सव्वीस मिनिटांनी. गाळात पाय घोट्यापर्यंत जात होते. सायकलवर बसले आणि बरं वाटलं, आणि इथंच माणूस फसतो. ताशी २२-२३ किलोमीटरनं सायकल चालते तेव्हा तेवढाच वारा अंगावर येतो. घाम येतो आणि लगेच वाळतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. सायकलवर सगळं वाळत असतं, म्हणून आपल्याला वाटतं आपण गार आहोत. सायकल रॅकला लावून धावायला लागलं की तो वारा एकदम थांबतो. पाय तर लाकडाचे झालेले असतातच. पण त्याहून वाईट म्हणजे अंगाभोवती कुणीतरी गोधडी गुंडाळावी तसं होतं. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता. ती आता जायची कुठून?

‘स्प्रिंट तर आहे, एवढ्यात काय होतंय’ हे वाक्य मी त्या दिवशी निदान तिघांकडून ऐकलं. खरं तर कमी अंतराला जास्त जपायला हवं. पूर्ण अंतराच्या शर्यतीत माणूस स्वतःला राखून चालतो. कमी अंतरात तो पहिल्यापासून जीव तोडून पळतो, आणि उष्णता तयार व्हायचा वेग हा पळायच्या वेगावर ठरतो. पाणी कमी पडून माणूस वाळत जायला तास लागतात. आतलं तापमान चढायला तेवढा वेळ लागत नाही.

आता त्या मुलाबद्दल.

तो आमच्याच बॅचमधला, पहिल्यांदाच उतरलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. काठावर माझ्या शेजारीच उभा होता. पुण्यात नोकरी करतो, रोज पळतो, पोहणं मात्र कच्चं आहे, असं त्यानं सांगितलं. धावण्याच्या पहिल्याच किलोमीटरला तो मला मागं टाकून गेला. जाताना ‘काकू, भारी चाललंय!’ म्हणाला. पाऊल हलकं, अंग सरळ. मला हेवा वाटला. रस्ता जाऊन परत येण्याचा होता, अडीच किलोमीटरवर वळायचं. या रस्त्याला पूर्वी दोन्ही बाजूंनी वडाची झाडं होती असं गावातले लोक सांगतात. रुंदीकरणात ती गेली. डांबर पाघळून बुटाला चिकटत होतं. पाण्याच्या टेबलावर आम्ही पोचलो तेव्हा जार होते, पण बर्फ संपला होता, स्पंज नव्हते, आणि जारातलं पाणी अंघोळीला चालेल इतकं तापलं होतं. तिथं उभी असलेली कॉलेजची पोरं सकाळी सहापासून उन्हात होती. त्यांचेही चेहरे लाल झाले होते.

परत येताना, साधारण साडेतीन किलोमीटरला, तो मला दिसला. रस्त्याच्या मध्ये आला होता आणि उलट्या दिशेला चालत होता. आधी वाटलं, काही पडलंय ते शोधतोय. जवळ गेले तर डोळे उघडे, पण माझ्याकडं बघत नव्हते. ‘बाळा, नाव काय तुझं?’ म्हटलं, तर काहीतरी आकडे पुटपुटला. हात धरला तर त्यानं झटकला, जोरात. आणि अंग घामानं निथळत होतं. हे मी ठळकपणे सांगते, कारण उष्माघात म्हणजे कातडी कोरडी पडते असं आपण शिकलोय आणि शिकवतोही. कष्टानं, पळण्यानं होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. खूण घामाची नाही, डोक्याची आहे. माणूस भलतंच बोलतो, भांडतो, दिशा विसरतो, कोसळतो.

एक वॉलेंटियर धावत आला. त्याच्याकडं कोरोनाच्या काळात शाळेत वापरायचो तसलं कपाळाला लावायचं थर्मामीटर होतं. त्यात ३७.६ आलं. ‘ताप नाहीये मॅडम,’ असं तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला. घामानं भिजलेल्या कपाळावर दुसरं काय येणार? दुसऱ्यानं लिंबू-सरबताचा ग्लास मुलाच्या तोंडाला लावला, मी तो बाजूला केला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. स्पर्धेची रुग्णवाहिका एकच होती, ती सायकलवरून पडलेल्या एका स्पर्धकाला घेऊन साताऱ्याला गेली होती. दुसरी बोलावली, पण अंतरच इतकं होतं की अर्धा तास लागणार हे उघड होतं.

रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती. घुंगरांचा आवाज थांबला आणि रसवंतीवाले दादा धोतर सावरत आले. मुलाकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, आधी हौदात घाला ह्याला. म्हशीला ऊन लागलं तर आपण दावणीला बांधून वाट बघतो का? हौदावरच नेतो.’ मागं जनावरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. आम्ही चौघांनी त्याचे बूट काढले, काखेतून टॉवेल घालून मागून धरला, मान वर राहील असं बघितलं आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसवला. दादांनी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी आणली आणि फोडून त्यात टाकली. रविवारचा त्यांचा सगळा धंदा त्या लादीवर होता. मी हातानं पाणी हलवत राहिले, कारण अंगाला लागलेलं पाणी गरम होतं, ते सारखं बदलावं लागतं.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. तो कुडकुडायला लागला. मग माझ्याकडं बघितलं, खरोखर बघितलं, आणि विचारलं, ‘माझी सायकल कुठंय?’ मी रडले. रसवंतीवाल्या दादांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं. मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या झाल्या, कारण उष्माघाताचा घाला तिथंही पडतो. सगळं ठीक निघालं. आठवड्यानं त्याच्या आईचा फोन आला. त्या फोनवर काय बोलणं झालं ते माझ्यापाशीच राहू दे.

मंडळी, आम्ही त्या दिवशी जे केलं ते दादांच्या शहाणपणानं आणि नशिबानं झालं. रसवंती तिथं होती, हौद भरलेला होता, बर्फ शिल्लक होता. घरी येऊन मी वाचायला बसले तेव्हा कळलं की जगभरचे क्रीडावैद्यकातले जाणकार हेच सांगतात, आधी गार करा, मग हलवा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही, अशा अवस्थेत पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फालमथ इथं दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते, म्हणजे आपल्या स्प्रिंटसारखीच, कमी अंतराची आणि जोराची. तिथल्या वैद्यकीय तंबूत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. सगळ्यांना तिथल्या तिथं बर्फाच्या पाण्यात बसवलं. २७४ पैकी २७४ वाचले. तापमान मिनिटाला ०.२ अंशाच्या आसपास उतरतं, म्हणजे पाव तासाच्या आत माणूस धोक्याच्या बाहेर येतो. पंख्यानं वारा घालून आणि कपाळावर ओला रुमाल ठेवून हा वेग मिळत नाही.

तर फिनिश लाइनपाशी एक आणि धावण्याच्या वळणावर एक, असे दोन मोठे टब हवेत. गणपती विसर्जनाला नगरपालिका ठेवते तसला कृत्रिम कुंड चालेल. आचाऱ्यांकडची मोठी टाकी चालेल. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या शनिवारी रात्री आणून भुशात ठेवता येतात, लग्नात ठेवतातच की. तंबूत डॉक्टर हवेत, आणि आतलं तापमान मोजायला गुदद्वारात घालायचा थर्मामीटर हवा. हे लिहायला मला संकोच वाटला होता. पण कपाळ, काख, तोंड, तिन्ही ठिकाणचा आकडा अशा वेळी फसवतो, आणि ३७.६ चा तो आकडा मला विसरता येत नाही. पडदा लावा, बायकांसाठी महिला डॉक्टर बसवा, पण मोजा. आकडा ३८.९ च्या खाली आला की माणसाला टबाबाहेर काढायचं, नाहीतर तो उलट जास्त गार होतो, हेही त्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

रुग्णवाहिका दोन असाव्यात हे सांगायलाच नको.

आता एप्रिलबद्दल. स्पर्धेनंतर मी संयोजकांपैकी एकांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कारण सांगितलं ते मला पटण्यासारखं होतं. थंडीत कारखाने चालू असतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या. पहाटेसुद्धा रिकामा रस्ता मिळत नाही. गळीत हंगाम संपला की रस्ता मोकळा होतो, तोवर एप्रिल उजाडतो. जूननंतर पाऊस, गढूळ पाणी, धरणातून विसर्ग. हे सगळं खरं आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळी हवेत यवतेश्वरचा घाट चढून जाते, त्यात आम्ही ढगात पळतो. पण तिला पोहायचं पाणी लागत नाही, तुम्हाला लागतं. म्हणून मी ‘एप्रिलमध्ये भरवूच नका’ असं म्हणत नाही. ऊस नसलेल्या बाजूचा रस्ता सापडला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, धरणंही भरलेली असतात. नाही सापडला, तर एप्रिलमध्ये घ्या, पण एप्रिलमधली सकाळ घ्या.

टोकियोत २०२१ साली ऑलिम्पिकची ट्रायथलॉन सकाळी साडेसहाला सुटली, उन्हासाठीच. त्याच ऑलिम्पिकची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीनं टोकियोतून उचलून शेकडो किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री सोडली, तरी ६८ जणींपैकी २८ जणींना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. जगातल्या सगळ्यात तयारीच्या खेळाडूंसाठी एवढं केलं जातं. आमच्या बॅचमध्ये पोस्टातून निवृत्त झालेले काका होते, साखर कारखान्यातले एक फिटर होते, दोन गृहिणी होत्या.

‘आपण माणदेशी माणसं, उन्हाला काय भ्यायचं?’ हेही मला ऐकवलं गेलं. माणदेशाचं नाव घेतलंच आहे तर ललिता बाबर यांचं घेऊ. माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी दुष्काळी माळावर पळत मोठी झाली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहावी आली. आमच्या वर्गात तिचा फोटो आहे. तिच्या अंगाला ऊन वर्षानुवर्षं सवयीनं मुरलेलं. सवय लागायला शरीराला दहा ते चौदा दिवस रोज उन्हात कष्ट करावे लागतात, मग घाम लवकर आणि जास्त येतो, रक्तातलं पाणी वाढतं. एसीच्या खोलीतून शनिवारी रात्री साताऱ्यात उतरलेल्या मुलाला ती सवय कुठून असणार? आणि सवय असली तरी ती ढाल पुरी पडतेच असं नाही. त्याच रिओत ट्रायथलॉनचं रौप्यपदक घेतलेला जॉनी ब्राउनली एका महिन्यानं मेक्सिकोतल्या कोझुमेलला शर्यतीत पुढं होता. शेवटच्या काहीशे मीटरवर उन्हानं त्याचे पाय लटपटले आणि भाऊ ॲलिस्टरनं खांद्याला धरून त्याला रेषेपर्यंत आणलं. तो बघून लोक भावाभावांच्या प्रेमाबद्दल बोलतात. मला त्यात तो मुलगा दिसतो, रस्त्याच्या मध्ये उलटा चालणारा.

आणि आपली माणसं उन्हाला भीत नाहीत म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. आपली माणसं ऊन ओळखतात. माझे वडील खटावच्या रानात आयुष्यभर राबले. उन्हाळ्यात नांगरट पहाटे चांदण्यात सुरू, ऊन चढायच्या आत बैल सोडलेले, दुपार झाडाखाली, पुन्हा उन्हं कलल्यावर काम. डोक्याला ओलं उपरणं, सोबत ताक आणि कांदा. २०१६ च्या उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पाणी अडवण्याच्या कामांची वॉटर कप स्पर्धा जिंकली. अशा गावांच्या श्रमदानाला मी गेलेले आहे. टिकाव-फावडं घेऊन लोक उजाडताच माळावर असायचे आणि ऊन तापायच्या आत घरी. आम्ही शाळावाले मार्च उजाडला की सकाळची शाळा करतो. लहान मुलं उन्हात घरी जाऊ नयेत एवढाच त्यामागचा विचार. मग मोठ्या माणसांच्या स्पर्धेला हा विचार का लागू करू नये?

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. भर दुपारच्या उन्हात माणसं नुसती बसली होती, पळत नव्हती, आणि तरी कितीतरी घरं उजाड झाली. तो महिना, ते ऊन आणि तो कार्यक्रमाचा वेळ आठवला की मला आपल्या मंडपाकडं बघवत नाही.

ऊन किती हे नुसत्या पाऱ्यावरून कळत नाही. जागतिक ट्रायथलॉन संघटना ज्या आकड्यावर निर्णय घेते त्याला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के, सावलीतल्या साध्या थर्मामीटरला १०. म्हणजे हवेतला दमटपणा सगळ्यात मोठा, कारण घाम वाळणार की नाही ते तोच ठरवतो. हा आकडा ३२.२ च्या वर गेला तर धोका अतिशय मोठा मानतात. हातात मावणारं यंत्र मिळतं. जिल्ह्यातल्या सगळ्या संयोजकांनी मिळून एक घेतलं तरी पुरे, स्पर्धा काही एकाच रविवारी नसतात. दर अर्ध्या तासाला आकडा मोजा, फलकावर लिहा, आणि किती झाला की धावणं अडीच किलोमीटरवर आणायचं हे आधीच ठरवून नोंदणीच्या वेळीच आम्हाला सांगा. ऐनवेळी सांगितलं की स्पर्धक भांडतात, मीही भांडले असते.

‘मी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ या कागदावर आम्ही सह्या करतो आणि ती जबाबदारी मला मान्य आहे. मी तीन आठवडे मेढा रस्त्यावर नऊ वाजता सायकल मारून मग धावत होते, अंगाला सवय लावत होते. टोपीखाली बर्फ ठेवायचा, तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसायचं नाही, मळमळलं तर चालायचं, हे माझं मी बघेन. पण किती वाजता सोडणार, हे माझ्या हातात नाही. ते फक्त तुमच्या हातात आहे.

म्हणून पुन्हा त्या क्रमाकडं येते. एप्रिलमध्ये साताऱ्यात सव्वासहाला पोहण्याइतकं उजाडलेलं असतं. समजा ६.१५ ला आम्हाला सोडलं, पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आणि नवख्यांना. मधल्या गटांना साडेसहा ते पावणेसात. खुल्या गटातल्या मुलांना सातला. आम्ही सव्वीस मिनिटांत पाण्याबाहेर येतो, त्यामुळं पाण्यात कुणी कुणाच्या अंगावर यायचा प्रश्न उरत नाही. सायकलवर ती मुलं आम्हाला गाठतील, हा एक खरा धोका आहे. त्यासाठी डावी बाजू धरून चालवायची सक्ती करा, अरुंद वळणांवर माणसं उभी करा. मी दोन तास पाच मिनिटांत येते, म्हणजे ८.२० ला. पहिला येणारा मुलगा ८.०५ ला. सगळे जवळजवळ एकाच वेळी फिनिश लाइनवर! आत्ता काय होतं, पहिले येतात तेव्हा गर्दी असते, आम्ही येतो तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत असतात. प्रत्येकाच्या घोट्याला टायमिंग चिप असते, ती ज्याचा त्याचा वेळ मोजते, त्यामुळं निकालात काडीचा फरक पडत नाही.

आणि पाहुण्यांना बक्षीस समारंभाला बोलवा, साडेआठला. तेव्हा ते आले की सगळे स्पर्धक समोर असतील, ऐकायला मोकळे असतील. झेंडा दाखवायला गावातल्या एखाद्या शाळेची मुलगी बोलवा, ती सहाच्या आधी येईल, याची मी शिक्षिका म्हणून खात्री देते.

पुढच्या वर्षीची नोंदणी उघडली की मी फी आणि टी-शर्टच्या आधी दोन गोष्टी वाचेन, आमची बॅच किती वाजता आहे आणि बर्फाचा टब आहे का. दोन्ही दिसल्या तर पहिल्याच दिवशी नाव घालेन, शाळेतल्या आणखी तिघी तयार आहेत. त्या मुलाचाही निरोप आलाय, तो पुन्हा उतरणार आहे. रसवंतीवाल्या दादांना वळणावरच्या टबापाशी उभं राहाल का विचारलं, ते हो म्हणाले. बर्फाच्या लाद्या उतरवायला माणसं कमी पडली तर मला हाक मारा. शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा मुलगा मोकळे असतो, आणि आमच्याकडं छोटा टेम्पो आहे.

आपली,
शेवटच्या बॅचमधली एक स्पर्धक
सातारा